चित्रा तारा दर चार तासांनी धडधडायचा, मग अचानक गप्प झाला. खरंच झाला का?

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर जा. उत्तरेकडे सप्तर्षी दिसतील. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवत न्या. आधी तांबूस-पिवळा स्वाती लागेल आणि त्याच वळणाने दक्षिणेकडे आणखी पुढे गेलात की एक निळसर-पांढरा तारा. आजूबाजूला फारसं ठळक काही नाही, त्यामुळे चुकायची शक्यता कमी. हा चित्रा.

नाव तर घरचंच आहे. पौर्णिमेचा चंद्र या ताऱ्याच्या आसपास असतो तो महिना चैत्र. ऑक्टोबरमध्ये सूर्य चित्रा नक्षत्रात जातो तेव्हा पडतो तो चित्राचा पाऊस. पंचांगकर्त्यांमधला 'चित्रा पक्ष' विरुद्ध 'रैवत पक्ष' हा वाद ऐकला असेल (टिळक पंचांग रैवत पक्षाचं), त्यातला चित्रा तो हाच. आकाशाची मोजणी कुठून सुरू करायची, असा तो वाद. म्हणजे हा तारा शेकडो वर्षं खूण म्हणून वापरला गेलाय. खुणेचं काम एकच असतं, जागच्या जागी राहायचं आणि बदलायचं नाही.

आणि नेमका हाच तारा बदलतो.

१९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की चित्राचा प्रकाश साधारण ४ तास १० मिनिटांच्या ठेक्यात किंचित वाढतो आणि किंचित कमी होतो. फरक अगदी थोडा, काही टक्क्यांचा. डोळ्यांना कळणं शक्यच नाही. पण ठेका स्पष्ट होता. तारा फुगत होता, आक्रसत होता. रॉबर्ट शॉबरुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं आणि पुढची काही वर्षं मोजत राहिले. तेवढ्या काळातच तो ठेका क्षीण होत गेला आणि १९७० नंतर दोन-तीन वर्षांत प्रकाशाच्या मोजमापात जवळजवळ दिसेनासा झाला.

सूर्याच्या अकरा पट वजनाचा तारा माणसाच्या डोळ्यांदेखत धडधडायचं थांबतो, ही गोष्टच विचित्र आहे. ताऱ्यांचे बदल लाखो वर्षांत होतात असं आपण शाळेत शिकतो. इथे चार-पाच वर्षांत काम आटोपलं.

(खरं तर 'डोळ्यांदेखत' हे म्हणण्यापुरतंच. चित्रा आपल्यापासून सुमारे २५० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे १९७० मध्ये पृथ्वीवर दिसलेली घटना तिथे घडली तेव्हा आपल्याकडे पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळत होती.)

तर मग तारा खरोखर गप्प झाला का? फक्त प्रकाश मोजत बसलात तर उत्तर 'हो'. पण त्या प्रकाशाचा वर्णपट काढून पाहिलात तर उत्तर 'नाही'. ही सगळी गोष्ट या दोन उत्तरांमधल्या फरकाची आहे.

प्रकाश मोजणं वेगळं, उलगडणं वेगळं

एखाद्या ताऱ्याची तेजस्विता मोजली की हातात एक आकडा येतो. आत्ता इतकी, अर्ध्या तासाने इतकी. तारा मोठ्या आवाजात बोलतोय की हळू, एवढंच त्यातून समजतं. काय बोलतोय ते नाही.

तोच प्रकाश लोलकातून किंवा बारीक रेघा कोरलेल्या जाळीतून जाऊ दिला की तो इंद्रधनुष्यासारखा पसरतो. या रंगीत पट्टीला वर्णपट म्हणतात आणि तिचा अभ्यास म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपी. ताऱ्याच्या वर्णपटात ठरावीक जागी काळ्या रेघा असतात. ताऱ्याच्या वरच्या थरातले अणू आतून येणाऱ्या प्रकाशातले आपापले ठरलेले रंग गिळून टाकतात, तिथे रेघ उमटते. हायड्रोजनच्या रेघा वेगळ्या, हेलियमच्या वेगळ्या, सिलिकॉनच्या वेगळ्या.

कोणत्या रेघा ठळक दिसतात त्यावरून ताऱ्याचं तापमान समजतं. हे गणित जमवलं आपल्या मेघनाद साहांनी, १९२० मध्ये. कोणत्या तापमानाला अणूचे किती इलेक्ट्रॉन सुटे होतात, हे सांगणारं त्यांचं समीकरण आजही ताऱ्यांचे वर्णपट वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. योगायोग असा, की स्वतंत्र भारताच्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्षही साहाच होते आणि त्या समितीने सरकारी पंचांगासाठी जो अयनांश धरला तो चित्रा पक्षाशी जवळपास जुळणारा. एकाच माणसाचा एकाच ताऱ्याशी दोन टोकांनी संबंध.

चित्राच्या वर्णपटात दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिलिकॉनच्या रेघा दिसतात. त्या उमटायला २० हजार अंशांच्या वरचं तापमान लागतं. चित्राचा पृष्ठभाग साधारण २५ हजार अंशांचा आहे. सूर्याचा साडेपाच हजारांचा.

आता मुख्य मुद्दा. या काळ्या रेघा जागच्या सरकतात.

स्टेशनवर न थांबणारी फास्ट लोकल हॉर्न वाजवत येते तेव्हा आवाज चढा असतो आणि समोरून निघून गेली की एकदम उतरतो. प्रकाशाचंही तसंच. प्रकाश देणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर रेघ निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. किती सरकली त्यावरून वेग काढता येतो. सरकणं अत्यंत सूक्ष्म असतं. वेग सेकंदाला १० किलोमीटर असेल तर रेघ आपल्या तरंगलांबीच्या तीस हजाराव्या भागाने हलते. तेवढं पकडायचं म्हणजे यंत्र चांगलंच नाजूक हवं.

याच पद्धतीने १८९० मध्ये जर्मनीत पॉट्सडॅमच्या वेधशाळेतून हर्मान फोगेल यांनी दाखवलं, की चित्राच्या रेघा चार दिवसांच्या चक्राने पुढे-मागे झुलतात. म्हणजे चित्रा हा एक तारा नाही. दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत. एका फेरीला ४ दिवस आणि वर साधारण २० मिनिटं. मोठा सूर्याच्या ११ पटींहून थोडा जड, धाकटा ७ पट. दोघांमधलं अंतर सरासरी दोन कोटी किलोमीटर. सूर्य आणि बुध यांच्यात सरासरी जवळपास सहा कोटी किलोमीटर असतात, यावरून ही जोडी किती चिकटून आहे ते कळेल. इतक्या जवळून एकमेकांना ओढल्यामुळे दोघांचाही आकार गोल राहिलेला नाही, थोडा अंड्यासारखा झालाय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोटात मावणारी कक्षा

चित्राची धडधड ज्या जातीची आहे तिला 'बीटा सेफी' म्हणतात. वृषपर्वा तारकासमूहातल्या बीटा सेफी या ताऱ्यावरून हे नाव पडलं. आणि या जातीचा शोध लागला तो वर्णपटातूनच.

१९०२ मध्ये अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेत एडविन फ्रॉस्ट यांना दिसलं, की बीटा सेफीच्या रेघा जागा बदलतायत. चार वर्षांनी त्यांनी कालावधी सांगितला, ४ तास ३४ मिनिटं. फ्रॉस्ट पुढे हळूहळू दृष्टी गमावून बसले, तरीही बरीच वर्षं त्या वेधशाळेचे संचालक राहिले.

रेघा झुलतायत म्हणजे जोडतारा, असाच तेव्हाचा सरळ अर्थ होता. चित्राच्या बाबतीत तो बरोबर निघाला होता. पण इथे हिशेब बसेना. तो हिशेब आपणही करू शकतो. सूर्याच्या बारा पट वजनाच्या ताऱ्याभोवती साडेचार तासांत फेरी मारायची तर केप्लरच्या नियमानुसार कक्षेची त्रिज्या येते सूर्याच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट. आणि असा तारा स्वतःच सूर्याच्या पाच-सहा पट त्रिज्येचा असतो. म्हणजे जोडीदार मोठ्या ताऱ्याच्या पोटातून फिरतोय असं म्हणावं लागेल!

म्हणून दुसरा अर्थ उरतो. कुणी कुणाभोवती फिरत नाहीये. ताऱ्याचा पृष्ठभागच आपल्याकडे येतोय आणि मागे जातोय.

किती? पृष्ठभाग जास्तीत जास्त सेकंदाला १० किलोमीटर वेगाने हलतो असं धरू. साडेचार तासांच्या चक्रात तो मधल्या जागेपासून साधारण २६ हजार किलोमीटर वर आणि तेवढाच खाली जाईल. दोन पृथ्व्या एकावर एक ठेवा, तेवढं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ताऱ्याची त्रिज्याच चाळीस लाख किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे फरक एक टक्कासुद्धा नाही. झोपलेल्या माणसाची छाती जशी हलते तसं.

या जातीत दांडगेही आहेत. बीडब्ल्यू व्हल्पेक्युली नावाच्या ताऱ्यात रेघांचा झोका सेकंदाला २०० किलोमीटरच्या घरात जातो. तिथे वर जाणारा थर आणि खाली कोसळणारा थर एकमेकांवर आदळतात आणि चक्रातल्या काही क्षणी एकाच रेघेच्या दोन रेघा झालेल्या दिसतात.

पण धडधडतो का?

हा प्रश्न नव्वद वर्षं पडून होता. मला या विषयात सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे, त्यामुळे इथे जरा थांबते.

कोणतंही हलणं आपोआप थांबतं. झोका ढकलत राहिलं नाही तर थांबतो. तारा लाखो वर्षं धडधडत राहतो म्हणजे आत कुणीतरी योग्य वेळी ढकलत असणार. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण आठवा. झाकण बसलेलं असताना वाफ कोंडते, दाब वाढतो, झाकण उचललं जातं. उचललं की वाफ निसटते, दाब उतरतो, झाकण पुन्हा खाली. आच चालू आहे तोवर टप टप चालू. ताऱ्यात आच म्हणजे केंद्रातली अणुऊर्जा. झाकण म्हणून असा एक थर हवा, जो दाबला गेला की उष्णता अडवेल आणि फुगला की सोडून देईल.

ध्रुवतारा ज्या जातीचा आहे त्या सेफिड ताऱ्यांमध्ये हे काम हेलियमचा थर करतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समजलं होतं. (सेफिड आणि बीटा सेफी ही नावं सारखी वाटतात, पण जाती पूर्ण वेगळ्या.) बीटा सेफी तारे मात्र इतके तापलेले, की हेलियमचा तो थर अगदी वरच्या विरळ भागात येतो. तिथे वजनच नाही. कागदाच्या झाकणाने पातेलं कसं टपटपणार?

सिद्धांत मांडून पाहिले गेले, मोडीत निघाले. संगणकावर तारा तयार केला की तो शांत बसायचा आणि आकाशातला तारा धडधडत असायचा.

१९८२ मध्ये नॉर्मन सायमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने जवळजवळ आर्जवच केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ताऱ्यांच्या गणितात चूक नसेल, अणूंच्या गणितात असेल. हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं उष्णता किती अडवतात, हे आकडे दोन-तीन पटींनी कमी धरलेले असू शकतात. कृपा करून पुन्हा मोजा.

मोजले गेले. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत फॉरेस्ट रॉजर्स आणि कार्लोस इग्लेसियस यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे मायकेल सीटन यांच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय गटाने. दोघांनाही तेच सापडलं. दोन लाख अंशांच्या आसपास लोखंडाचे अणू, जे अर्धवट सोललेल्या कांद्यासारखे काही इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात, इतक्या असंख्य रंगांचा प्रकाश शोषतात की जुन्या हिशेबात त्यातल्या बहुतेक रेघा धरल्याच नव्हत्या. नवा आकडा जुन्याच्या सुमारे तिप्पट आला. १९९२ मध्ये हे आकडे घालून संगणकावरचा तारा पुन्हा चालवला. पाव्हेल मोस्कालिक आणि वोइचेक जेम्बोव्स्की या पोलिश जोडीने तो चालवला, इतर गटांनीही चालवला. तारा धडधडायला लागला.

झाकण लोखंडाचं निघालं. अशा ताऱ्यात लोखंड किती? वजनाच्या हजारात एक-सव्वा भाग. जेवणातल्या मिठापेक्षाही कमी. आणि तेवढं मीठ अकरा सूर्यांइतक्या वजनाला हलवतं.

याची पडताळणीही झाली. आपल्या शेजारच्या मॅजेलनी मेघ या छोट्या दीर्घिकांमध्ये लोखंड कमी आहे. सिद्धांत खरा असेल तर तिथे असे तारे कमी असायला हवेत. ते तसे कमीच सापडतात.

रेघेवरून चालत जाणारा उंचवटा

आता परत चित्राकडे.

आत्तापर्यंत आपण धरून चाललो की तारा सगळीकडून एकदम फुगतो आणि एकदम आक्रसतो. पण ताऱ्याला तसं बंधन नाही. तबल्याच्या पुडीवर बोट कुठे पडतं त्यावर वेगळा बोल उमटतो, कारण पुडी वेगवेगळ्या तऱ्हेने थरथरते. कधी पूर्ण पुडी वर-खाली, कधी अर्धी वर आणि अर्धी खाली. ताऱ्याच्या पृष्ठभागावरही तसंच. एक भाग वर येत असताना शेजारचा खाली जाऊ शकतो, आणि हे पट्टे ताऱ्याभोवती लाटेसारखे फिरू शकतात.

अशा वेळी प्रकाशाचं एकूण मोजमाप फसतं. एका भागाचं उजळणं दुसऱ्या भागाचं मंदावणं खाऊन टाकतं. बेरीज शून्याच्या आसपास. तारा खळाळतोय आणि आपल्याला वाटतं निवांत आहे.

वर्णपट का फसत नाही? कारण तारा स्वतःभोवतीही फिरतोय, आणि चित्रा तर फारच वेगाने. त्याची एक कड आपल्याकडे येतेय, दुसरी दूर जातेय. त्यामुळे त्याची रेघ नुसती बारीक रेघ राहत नाही, पसरून रुंद खळग्यासारखी होते. खळग्याची निळी बाजू म्हणजे ताऱ्याची येणारी कड, तांबडी बाजू म्हणजे जाणारी कड, मधला भाग म्हणजे मधला पट्टा. जो तारा सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही जवळजवळ ठिपकाच दिसतो, त्याचा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंतचा नकाशा एका रेघेत येऊन बसतो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी ती ओळ तीनदा वाचली होती.

आता ताऱ्यावरून लाट फिरत गेली तर रेघेत काय दिसेल? एक छोटा उंचवटा खळग्याच्या निळ्या काठावर उगवेल, सरकत सरकत मध्यावर येईल आणि तांबड्या काठावर मावळेल. मग पुढचा. चित्राच्या रेघांमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमके असे चालते उंचवटे नोंदवले गेले. म्हणजे प्रकाशातला ठेका विरल्यावर. तारा गप्प झालेला नव्हता.

हे काम किती चिकाटीचं असतं ते सांगायला हवं. एका वर्णपटात काही समजत नाही. रात्रभर, दर काही मिनिटांनी एक, असे शेकडो घ्यावे लागतात. आणि चार तासांचा ठेका मोजायचा तर दिवस उजाडतो हीच मोठी अडचण. रोज तेच सात-आठ तास मोजमाप मिळतं, मधले सोळा तास कोरे. त्या कोऱ्या जागेत एक ठेका जास्त झाला की कमी, हे सांगता येत नाही आणि चुकीचा कालावधी खरा वाटायला लागतो. म्हणूनच न्यू एरिडानी या दुसऱ्या बीटा सेफी ताऱ्यासाठी २००२-०४ च्या सुमारास वेगवेगळ्या खंडांतल्या दुर्बिणींनी आळीपाळीने पहारा दिला आणि दोन हजारांहून जास्त वर्णपट गोळा केले. इथे मावळला की तिथे उगवतो, या हिशेबाने.

या अडचणीवरचा गणिती उपायही चित्राशी जोडलेला आहे. शॉबरुक यांच्याबरोबर चित्रावर काम करणाऱ्यांमध्ये निक लॉम्ब होते. मोजमापं सलग नसताना, मध्ये भोकं असताना खरा ठेका कसा शोधायचा याची पद्धत त्यांनी १९७६ मध्ये मांडली. जेफ्री स्कार्गल यांनी ती पुढे नेली. आज दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणारेही 'लॉम्ब-स्कार्गल' हे नाव रोज वापरतात.

मग तो ठेका गेला कुठे?

२०१६ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातले आंद्रेई टकाचेंको आणि सहकाऱ्यांनी चित्राचा सविस्तर हिशेब मांडला. त्यांनी जमिनीवरून घेतलेले वर्णपट वापरले आणि सोबत 'मोस्ट' या कॅनडाच्या छोट्या उपग्रहाची मोजमापं. मोस्टची दुर्बीण अवघ्या १५ सेंटीमीटरची, पण तिला रात्र-दिवसाची अडचण नाही.

त्यांना मोठ्या ताऱ्यात तीन वेगवेगळी स्पंदनं सापडली. एक साधं, सगळीकडून फुगण्या-आक्रसण्याचं. उरलेली दोन पट्ट्यापट्ट्यांची. त्यातल्या एकाची गंमत अशी, की त्याची वारंवारता जोडीच्या फेरीच्या वारंवारतेच्या बरोबर पटीत आहे. योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही इतकी बरोबर. म्हणजे ती धडधड ताऱ्याची स्वतःची नाही, धाकटा जोडीदार ती उठवतोय. आपल्याकडे चंद्र समुद्राला भरती आणतो तसं, फक्त इथे समुद्राच्या जागी अख्खा तारा. मघाशी सांगितलेला अंड्याचा आकार आठवला? हे त्याच ओढाताणीचं पुढचं रूप. त्याआधी २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने गणिताने दाखवलं होतं, की रेघांमधले चालते उंचवटे भरतीच्या प्रवाहांमुळेही उमटू शकतात.

१९७० चा ठेका विरण्याबद्दल एक स्पष्टीकरण असं दिलं गेलं होतं, की ताऱ्याचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. डुलल्यामुळे आपल्याला दिसणारी बाजू बदलते आणि आधी स्पष्ट दिसणारी लाट आता आपल्या दृष्टीने पुसट होते. दुसरी शक्यता, एका स्पंदनाची ताकद दुसऱ्या स्पंदनांकडे वळते. पहिल्या बाबतीत काही बदललेलंच नाही, आपली बघायची जागा तेवढी बदलली. दुसऱ्या बाबतीत ताऱ्याच्या आत खरंच काहीतरी हललंय. मला स्वतःला फक्त अक्षावर सगळं ढकलणं जरा सोयीचं वाटतं. आता जे एक स्पंदन सगळीकडून सारखं फुगण्याचं आहे असं ओळखलं गेलंय, त्याला कोणत्याही बाजूने बघा, ते सारखंच दिसायला हवं. वाद मिटलेला नाही.

यातून मिळतं काय?

उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटाने ठोकून बघतो. आवाजावरून आतला तडा कळतो, माठ फोडावा लागत नाही. ताऱ्यांच्या स्पंदनांचा अभ्यास हाच प्रकार आहे. लाटा पृष्ठभागावर दिसतात, पण त्या आतून फिरून आलेल्या असतात. त्यामुळे त्यांच्या ठेक्यात आतल्या थरांची घनता, तापमान, फिरण्याचा वेग हे सगळं मिसळलेलं असतं. २००३ मध्ये कोनी एर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २१ वर्षांच्या मोजमापांवरून एचडी १२९९२९ या बीटा सेफी ताऱ्याबद्दल दाखवलं, की त्याचा गाभा वरच्या थरांपेक्षा सुमारे चौपट वेगाने फिरतोय. ताऱ्याच्या पोटात हात न घालता.

जड ताऱ्यांबाबत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्यांचं आयुष्य एका प्रश्नावर अडकलेलं असतं. गाभ्यात हायड्रोजन जळतोय आणि तो भाग पातेल्यासारखा उकळतोय. ही उकळी गाभ्याच्या कडेबाहेर किती दूर जाते? जितकी बाहेर जाईल तितका ताजा हायड्रोजन आत ओढला जाईल, तितकं इंधन जास्त, तितकं आयुष्य जास्त आणि शेवटी उरणारा गाभाही जड. तो गाभा कोसळून काय होणार हे त्याच्या वजनावर ठरतं. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनचा मोठा वाटा अशाच जड ताऱ्यांच्या शेवटातून आलाय. तेव्हा हा हिशेब अगदीच दूरचा नाही.

चित्राच्या बाबतीत सोय अशी, की तो जोडतारा असल्यामुळे त्याचं वजन फेरीच्या गणितातून थेट मिळतं, आणि धडधडतो म्हणून आतली रचनाही तपासता येते. बऱ्याच जड ताऱ्यांमध्ये फेरीवरून काढलेलं वजन आणि सिद्धांताने सांगितलेलं वजन जुळत नाही, ही जुनी डोकेदुखी आहे. २०१६ च्या अभ्यासात चित्रासाठी दोन्ही आकडे मोजमापातल्या चुकीच्या मर्यादेत जुळले. वय आलं सुमारे सव्वा कोटी वर्षं. सूर्याचं साडेचारशे कोटींहून जास्त आहे. म्हणजे चित्रा अगदीच पोर, पण इतक्या वजनाचा तारा फार जगत नाही. काही दशलक्ष वर्षांत मोठा तारा सुपरनोव्हा होऊन फुटेल. २५० प्रकाशवर्षं हे अंतर पृथ्वीला धोका नसण्याइतकं आहे.

शेवटी, ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांच्यासाठी. चार तासांची धडधड पकडायला मोठी यंत्रं लागतात, पण जोडीची चार दिवसांची फेरी हौशी लोकांच्या आवाक्यात आहे. मोठ्या ताऱ्याचा झोका सेकंदाला शंभर किलोमीटरहून जास्त आहे. मध्यम दुर्बिणीला लावता येणारा चांगला वर्णपटमापक असेल तर एप्रिल-मेमधल्या लागोपाठ चार-पाच स्वच्छ रात्री एकेक वर्णपट घ्या आणि एकाखाली एक लावा. रेघ एका बाजूला जाऊन परत येताना दिसते. फोगेल यांना १८९० मध्ये दिसली होती, तशीच.